कॅनडाच्या स्पॉन्सरशिप अर्जात चूक सापडली तर काय, कधी आणि कसं कळवायचं

जोडीदाराला कॅनडात आणण्यासाठीचा अर्ज पाठवून झाला, आणि आठवड्याने पीडीएफ पुन्हा वाचताना लक्षात आलं की लग्नाची तारीख चुकली आहे. किंवा मधली एक नोकरी लिहायची राहिली आहे. किंवा अमेरिकेचा नाकारलेला व्हिसा आठवलाच नाही आणि 'नाही'वर खूण झाली आहे. अशा वेळी काही जण कुणाला दिसणार नाही म्हणून गप्प बसतात, तर काही जण घाबरून खात्याच्या साइटवरून एका दिवसात पाच वेबफॉर्म (प्रश्न किंवा बदल कळवण्याचे ऑनलाइन फॉर्म) पाठवतात. दोन्ही टाळा. चूक कुठल्या प्रकारची आहे ते आधी ठरवा, मग एकदाच, पूर्ण आणि पुराव्यासकट कळवा. आणि अधिकाऱ्याने विचारण्याआधी कळवा, कारण विचारल्यावर दिलेलं खरं उत्तर आणि आपणहून दिलेलं खरं उत्तर यांचं वजन सारखं नसतं.

इथली माहिती कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याकडे, म्हणजे आयआरसीसीकडे केलेल्या नवरा-बायकोच्या अर्जाची आहे. क्वेबेकमध्ये राहणाऱ्या स्पॉन्सरला प्रांताकडूनही वेगळी मंजुरी लागते. तो भाग इथे घेतलेला नाही.

कोणती माहिती कुठल्या फॉर्ममध्ये

अर्ज एकच दिसला तरी त्यात दोन माणसांची उत्तरं असतात. आयएमएम १३४४ हा स्पॉन्सरचा, म्हणजे जोडीदाराला कॅनडात बोलावणाऱ्याचा, फॉर्म आणि हमीपत्र. त्यावर दोघांच्याही सह्या लागतात. आयएमएम ०००८ मध्ये मुख्य अर्जदाराची, म्हणजे ज्याला पीआर (कायमस्वरूपी वास्तव्याचा हक्क) हवा आहे त्याची, मूळ माहिती असते. आयएमएम ५६६९ मध्ये गेल्या १० वर्षांचा सलग इतिहास आणि गुन्हे, नकार, अटक यांचे प्रश्न असतात. आयएमएम ५४०६ मध्ये आई-वडील, भावंडं, मुलं. आयएमएम ५५३२ मध्ये तुमच्या नात्याची हकिकत: कसे भेटलात, कधी लग्न झालं, कोण हजर होतं.

चूक सापडली की आधी ती किती फॉर्ममध्ये उतरली आहे ते शोधा. लग्नाची तारीख १३४४, ०००८ आणि ५५३२ अशा एकाहून जास्त ठिकाणी येऊ शकते. एकाच ठिकाणी दुरुस्त केली तर अधिकाऱ्यासमोर आता दोन तारखा येतात आणि गोंधळ वाढतो. पाठवलेल्या प्रत्येक फॉर्मची प्रत एका फोल्डरमध्ये ठेवली नसेल तर आजच ठेवा. ज्या पोर्टलमधून अर्ज पाठवता त्यातल्या ऑनलाइन फॉर्मची पीडीएफही पाठवण्याआधीच उतरवून घेतलेली बरी.

अर्ज पाठवण्याआधी, आणि पाठवल्यानंतर

'सबमिट' दाबेपर्यंत पोर्टलमध्ये काहीही बदलता येतं. दाबल्यानंतर तो दरवाजा बंद होतो. तुम्हाला स्वतःला फॉर्म उघडून दुरुस्त करता येत नाही. पुढचं सगळं आयआरसीसीच्या वेबफॉर्ममधून किंवा त्यांनी पत्र पाठवून मागितलं तर त्या पत्रात सांगितलेल्या मार्गाने जातं.

पाठवल्यावर पहिली चाळणी असते ती अर्ज पूर्ण आहे की नाही याची. सही नाही, फी कमी भरली, मागितलेला फॉर्मच जोडला नाही, अशा कारणांनी अर्ज न तपासता परत येतो. याला नकार म्हणत नाहीत. दुरुस्त करून पुन्हा पाठवता येतो. पण एक गोष्ट हातातून जाते: पूर्ण अर्ज ज्या दिवशी पोहोचतो त्या दिवशी मुलांचं वय 'गोठतं'. अवलंबून मुलासाठी वयाची अट २२ च्या आत आणि अविवाहित अशी आहे. बायकोला आधीच्या लग्नातला २१ वर्षं १० महिन्यांचा मुलगा असेल आणि एका राहिलेल्या सहीमुळे अर्ज तीन महिन्यांनी परत आला, तर तो मुलगा कायमचा बाहेर पडू शकतो. अशा घरांनी पाठवण्याआधी १३४४ वरच्या सह्या दोन वेळा पाहाव्यात. त्या फॉर्मवर नुसतं नाव टाइप केलेलं आहे की खरी सही आहे, हेही पाहावं.

अर्ज स्वीकारला गेला की पोच येते आणि तिच्यात अर्ज क्रमांक असतो. पुढे यूसीआय म्हणून ८ किंवा १० अंकी ओळख क्रमांकही मिळतो. दुरुस्ती कळवायला हे दोन क्रमांक हातात असणं फार महत्त्वाचं, कारण त्यांच्याशिवाय पाठवलेला कागद योग्य फाईलला लागेलच याची खात्री नसते. पोच येण्याआधी किरकोळ चूक सापडली तर थांबा. पोच आली की कळवा. चूक गंभीर असेल तर दोघांची पूर्ण नावं, जन्मतारखा आणि अर्ज पाठवल्याची तारीख घालून लगेच वेबफॉर्म पाठवा, आणि क्रमांक मिळाल्यावर तेच पत्र क्रमांकासकट पुन्हा पाठवा. 'हे आधी अमुक तारखेला पाठवलं होतं' असंही त्यात लिहा.

दुरुस्तीचं पत्र

पत्र इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये, शक्यतो एका पानाचं. वर दोघांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच, जन्मतारखा, अर्ज क्रमांक, यूसीआय. खाली प्रत्येक चुकीसाठी पाच गोष्टी, याच क्रमाने: फॉर्मचा क्रमांक आणि प्रश्न, आधी काय लिहिलं होतं, बरोबर काय आहे, चूक कशी झाली, सोबत कोणता पुरावा आहे. शेवटी तारीख आणि सही. चूक स्पॉन्सरच्या उत्तरातली असेल तर त्याची, अर्जदाराच्या उत्तरातली असेल तर तिची, दोघांशी संबंधित असेल तर दोघांची.

'चूक कशी झाली' हे एका-दोन वाक्यांत खरं खरं लिहा. 'आम्ही तारीख दिवस-महिना-वर्ष या क्रमाने लिहिली, फॉर्म वर्ष-महिना-दिवस मागत होता' एवढं पुरतं. माफीचे परिच्छेद, कॅनडाबद्दलचं प्रेम, आजीची तब्येत, यातलं काहीही नको. फाईल वाचणाऱ्याला पाच मिनिटांत कळायला हवं की नेमकं काय बदललं.

पत्रासोबत तो संपूर्ण फॉर्म नव्याने भरून, आजची तारीख घालून, सही करून जोडा. नुसतं एक पान नको. फाईलच्या नावातच 'दुरुस्त', फॉर्मचा क्रमांक आणि तारीख येऊ द्या. सगळ्या दुरुस्त्या एकाच वेबफॉर्ममध्ये पाठवा. त्यासाठी दोन दिवस थांबून दोघांनी मिळून संपूर्ण अर्ज पुन्हा वाचावा, म्हणजे पुढच्या आठवड्यात दुसरी चूक सापडत नाही. वेबफॉर्म गेल्यावर येणारी पोच जपून ठेवा. पुढे कधी 'तुम्ही कळवलंच नाही' असा प्रश्न आला तर तोच तुमचा पुरावा.

मराठी कागदांना भाषांतर लागतं: लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचा दाखला, व्हॉट्सॲपवरचं मराठी बोलणं, सगळ्यांनाच. भाषांतरकार कॅनडातला प्रमाणित नसेल तर त्याने नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र हवं. नवरा, बायको, भाऊ, मावशी यांनी केलेलं भाषांतर चालत नाही, मग ते इंग्रजीचे प्राध्यापक असले तरी.

नावाच्या चुका

मराठी घरांतली ही सर्वात जास्त वेळ खाणारी गोष्ट आहे. नियम एकच धरा: आयआरसीसीच्या फॉर्मवर नाव पासपोर्टवर आहे तसंच. समजा पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये 'स्नेहा महेश' आणि आडनाव माहेरचं आहे, पण लग्नाच्या दाखल्यावर सासरचं नाव आणि सासरचं आडनाव आहे. तर फॉर्मवर पासपोर्टचं नाव, आणि सासरचं नाव 'इतर नावं' या रकान्यात. लग्नानंतर पासपोर्ट बदलण्याची सक्ती कुठेच नाही. स्पॉन्सरशिपसाठी तो घाईने बदलायला गेलात तर अर्ज, पीसीसी (पोलिसांचा चारित्र्य दाखला) आणि बायोमेट्रिक्स यांच्यात तीन नावं होऊन बसतात.

पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर आयआरसीसीची पद्धत उलटी वाटते: पूर्ण नाव आडनावाच्या रकान्यात घालायचं आणि नावाचा रकाना रिकामा सोडायचा. 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे नाव माहीत नाही) वगैरे स्वतःहून घालू नका.

शाळेचा दाखला, आधार, पॅन, जन्मदाखला यांत स्पेलिंगचे बारीक फरक असतात, एखादं 'ए' किंवा 'एच' जास्त. प्रत्येक फरकासाठी धावपळ करायची गरज नाही. जे कागद तुम्ही पाठवलेत त्यांच्यातलेच फरक धरा आणि त्या सगळ्यांसाठी नोटरीसमोर केलेलं 'ही एकच व्यक्ती' असं एक प्रतिज्ञापत्र जोडा. लग्नानंतर महाराष्ट्र राजपत्रात नाव बदललं असेल तर त्या पानाची प्रत सर्वात भक्कम. जन्मतारखेचा फरक मात्र असा सुटत नाही. शाळेतली तारीख वेगळी, पासपोर्टवरची वेगळी, असं असेल तर पासपोर्टचीच तारीख वापरा आणि फरक का आहे ते पत्रात स्पष्ट लिहा, जन्मनोंदणीच्या उताऱ्यासकट.

लग्नाच्या तारखा

परदेशातल्या स्थळांमध्ये आधी नोंदणी विवाह, मग सहा-आठ महिन्यांनी हॉलमध्ये थाटाचं लग्न, अशी पद्धत रुळली आहे. फॉर्म विचारतो ती कायदेशीर लग्नाची तारीख. म्हणजे विशेष विवाह कायद्याखाली निबंधकासमोर झालेल्या लग्नाची ती तारीख, सात फेऱ्यांची नव्हे. उलट, आधी वैदिक पद्धतीने लग्न झालं आणि नंतर महानगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नुसती नोंदणी केली, तर लग्नाची तारीख विधीची आणि नोंदणीची तारीख वेगळी. दाखल्यावर दोन्ही असतात, आणि घाईत नोंदणीची तारीख फॉर्मवर जाते. गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारसमोर इरादा जाहीर करणं, दुसरी सही, चर्चमधला किंवा देवळातला विधी असे टप्पे वेगवेगळ्या दिवशी पडतात. तिथे दाखल्यावरची तारीख घ्या आणि बाकीचे दिवस ५५३२ मधल्या हकिकतीत क्रमाने सांगा.

यापुढची गाठ कॅनडाच्या आयकराची. नोंदणी लग्न झाल्यावर स्पॉन्सरने कॅनडाच्या महसूल खात्याला वैवाहिक स्थिती बदलल्याचं कळवायला हवं. आरसी६५ हा फॉर्म किंवा ऑनलाइन खातं यातून ते होतं. 'खरं लग्न अजून व्हायचंय' म्हणून बरेच जण कळवत नाहीत, आणि मग स्पॉन्सरशिपसोबत जोडलेल्या कर-निर्धारणाच्या कागदावर 'अविवाहित' दिसतं. हे दुरुस्त करता येतं: आधी महसूल खात्यात स्थिती लग्नाच्या खऱ्या तारखेपासून बदला, नवा कागद आला की तो पत्रासोबत पाठवा.

पहिली भेट हा ५५३२ मधला आणखी एक खड्डा. फोनवरचं पहिलं बोलणं, विवाहमंडळाच्या साइटवरचा पहिला निरोप आणि कांदेपोह्यांच्या दिवशीची प्रत्यक्ष भेट या तीन वेगळ्या तारखा आहेत. फॉर्म प्रत्यक्ष भेटीची तारीख वेगळी विचारतो. एका फॉर्ममध्ये एक आणि मुलाखतीत दुसरी तारीख आली तर संशय इथूनच सुरू होतो. आणि घरच्यांनी जुळवलेलं लग्न असेल तर तसंच लिहा. अधिकाऱ्यांना आपल्याकडची स्थळं, पत्रिका, साखरपुडा हे सगळं ठाऊक असतं. 'ऑनलाइन ओळख, मग प्रेम' अशी कहाणी एजंटने घातली असेल, तर ती काढून खरी हकिकत पाठवा. ही दुरुस्ती करायला लोक सर्वात जास्त कचरतात, पण मुलाखतीत सासूबाईंचं आणि तुमचं उत्तर जुळण्याचा तोच एक मार्ग आहे.

'एकत्र राहतो' याचा अर्थही सैल धरू नका. लग्नानंतर तीन आठवडे कोथरूडला एकत्र, मग नवरा परत कॅल्गरीला, तर तीन आठवडेच लिहा. कमी दिवस एकत्र राहिल्याने नातं खोटं ठरत नाही. वाढवून लिहिलेले दिवस मात्र पासपोर्टवरच्या शिक्क्यांशी जुळत नाहीत.

गाळलेले महिने

आयएमएम ५६६९ ला १० वर्षांत एकही महिना रिकामा चालत नाही (अर्जदार २८ पेक्षा लहान असेल तर १८ व्या वाढदिवसापासून). बीई झाल्यावर नोकरी शोधण्यात गेलेले सात महिने, यूपीएससीच्या तयारीसाठी पुण्यात काढलेली दोन वर्षं, बाळंतपणानंतर घरी असलेला काळ, हे सगळं लिहायचं: 'बेरोजगार', 'घरी अभ्यास', 'गृहिणी'. पत्त्यांचंही तसंच, वसतिगृह, पीजी, मामाचं घर. खासगी क्लासमध्ये रोखीने पगार घेतला असेल तरी ती नोकरीच. अशी पोकळी राहिली असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. दुरुस्त ५६६९ आणि एक पत्र पुरतं. त्याच वेळी पीसीसीची यादी तपासा: १८ वर्षांनंतर ज्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात त्या प्रत्येक देशाचं लागतं. दुबईत आठ महिने काम केल्याचं आता आठवलं, तर दुरुस्तीसोबत तिथल्या पोलीस दाखल्याच्या अर्जाची पोचही द्या. भारतात राहणाऱ्यांचं पीसीसी अर्ज पाठवण्याच्या आधीच्या सहा महिन्यांतलं हवं.

इथे दिरंगाई नको

आता ज्या चुकांमुळे माणूस पाच वर्षं बाहेर राहतो त्या. कॅनडाच्या इमिग्रेशन आणि निर्वासित संरक्षण कायद्याच्या कलम १६ प्रमाणे अर्जदाराने खरं उत्तर देणं बंधनकारक आहे. कलम ४० प्रमाणे, ज्यामुळे अधिकाऱ्याची चूक होऊ शकते अशी महत्त्वाची गोष्ट चुकीची सांगितली किंवा लपवली, तर पाच वर्षं कॅनडात प्रवेश बंद होऊ शकतो. प्रत्यक्षात चूक झालीच पाहिजे असं नाही. होऊ शकत होती एवढं पुरतं. आणि 'फॉर्म एजंटने भरला' हा बचाव जवळपास कधीच चालत नाही, कारण सही तुमची असते.

पहिली गोष्ट, पूर्वीचे नकार. ५६६९ मधला प्रश्न कॅनडापुरता नाही, 'कॅनडा किंवा कोणत्याही देशाचा' असा आहे. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा मुंबईच्या खिडकीवर नाकारला गेला, ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा रिफ्यूज झाला, कॅनडाचा स्टडी परमिट २०१९ मध्ये मिळाला नव्हता, हे सगळं 'होय'. अमेरिकेच्या वाणिज्य दूतावासात २२१(जी)ची चिठ्ठी (निर्णय तूर्त थांबवल्याची) मिळून पुढे व्हिसा मिळाला असला तरी दोन ओळींत लिहून टाकणं शहाणपणाचं. कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यात बायोमेट्रिक्सवरून माहिती तपासण्याची व्यवस्था आहे. तेव्हा न सांगितलेला नकार फाईलवर यायला फार वाट पाहावी लागत नाही. आणि सांगितलेला जुना नकार नवरा-बायकोच्या अर्जात क्वचितच आड येतो. नकार नव्हे, तो लपवणं नडतं.

दुसरी, पोलीस प्रकरणं. आधीच्या लग्नात ४९८अ ची (सासरच्या छळाची) तक्रार, चेक न वटल्याची केस, कॉलेजमधल्या आंदोलनात ताब्यात घेतलेली रात्र. उच्च न्यायालयाने एफआयआर रद्द केला असला तरी अटक किंवा स्थानबद्धता झाली असेल तर त्याबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर 'होय' आहे. आदेशाची प्रमाणित प्रत आणि भाषांतर जोडा.

तिसरी, आणि सर्वात महागडी: न सांगितलेलं माणूस. आधीचं लग्न, घटस्फोट, आधीच्या लग्नातलं मूल, दत्तक मूल. मूल आजी-आजोबांकडे सांगलीला राहतं, कॅनडाला येणारच नाही, तरीही फॉर्मवर त्याचं नाव हवं आणि मेडिकलही हवी. नियमावलीतला ११७(९)(घ) हा नियम सांगतो की पीआर मिळताना ज्या कुटुंबीयाची माहिती दिली नाही आणि तपासणी झाली नाही, त्याला नंतर कौटुंबिक वर्गातून, म्हणजे नातेवाईक म्हणून स्पॉन्सर करून, आणता येत नाही. ९ सप्टेंबर २०१९ पासून काही परिस्थितींसाठी सवलतीचं धोरण आलं, पण ते हक्क म्हणून धरून चालू नये.

हाच नियम स्पॉन्सरलाही अडकवतो. एक्स्प्रेस एंट्रीतून (कुशल कामगारांच्या पीआर योजनेतून) 'अविवाहित' म्हणून अर्ज केला, आमंत्रण आलं, मंजुरी आली, आणि कॅनडात उतरण्याआधी औरंगाबादला लग्न करून घेतलं, पण लँडिंगच्या वेळी, म्हणजे पीआर पक्का होताना, सांगितलं नाही. आता त्याच बायकोला स्पॉन्सर करताना दोन प्रश्न उभे राहतात: तिला कौटुंबिक वर्गात घेता येईल का, आणि त्याचा स्वतःचा पीआर सुरक्षित आहे का. अशा प्रकरणात पहिलं पत्र स्वतः लिहू नका. कॅनडातला वकील किंवा कन्सल्टंट्सच्या अधिकृत नियामक संस्थेचा परवाना असलेला इमिग्रेशन सल्लागार, म्हणजे आरसीआयसी, गाठा, संपूर्ण कागद दाखवा, आणि मगच दुरुस्ती पाठवा. बाकी चुकांसाठी सहसा वकिलाची गरज नसते, इथे असते.

जे पत्राने सुटत नाही

व्हिडिओ कॉलवर लागलेलं लग्न कॅनडा मानत नाही. ११ जून २०१५ पासून विधीच्या वेळी दोघंही प्रत्यक्ष हजर असणं बंधनकारक आहे. इथे दोघांनी एकत्र येऊन कायदेशीर लग्न करणं आणि नवा अर्ज भरणं हाच सरळ रस्ता.

चुकीचा वर्ग निवडला, तरीही तसंच. कॅनडात सोबत राहणाऱ्यांसाठीचा वर्ग वेगळा, आणि बाहेरून कौटुंबिक वर्गातला अर्ज वेगळा. एका वर्गातली फाईल पत्राने दुसऱ्यात जात नाही. मागे घेऊन नवी करावी लागते. फरक फक्त नावाचा नाही. कौटुंबिक वर्गात नकार आला तर स्पॉन्सरला अपील करता येतं, कॅनडातल्या वर्गात ते नाही.

१३४४ च्या सुरुवातीलाच विचारतात की स्पॉन्सर अपात्र ठरला तर अर्ज मागे घ्यायचा की पुढे चालवायचा. 'मागे घ्या' वर खूण केली तर स्पॉन्सरशिपची फी सोडून बाकी पैसे परत मिळतात, पण अपिलाचा मार्ग जातो. 'पुढे चालवा' म्हटलं तर अपील शिल्लक राहतं. बरेच जण हा प्रश्न वाचतच नाहीत. चुकीची खूण गेली असेल तर पात्रतेचा निर्णय होण्याआधी दुरुस्त १३४४ पाठवा.

मागे घेऊन पुन्हा भरणं कधी योग्य? पोच नुकतीच आलेली आहे, चुका अनेक आहेत, आणि वयाचा प्रश्न असलेलं मूल नाही, तेव्हा. काम सुरू झाल्यावर प्रक्रियेची फी परत मिळत नाही. पीआरच्या हक्काची फी मात्र मिळते. पण मागे घेतल्याने खोटं उत्तर पुसलं जात नाही. जुनी फाईल तिथेच राहते, आणि नव्या अर्जात वेगळं उत्तर असेल तर त्याचा खुलासा नव्या अर्जातच द्यावा लागतो.

बदल म्हणजे चूक नव्हे, पण कळवायचाच

अर्ज चालू असताना बाळ झालं, पासपोर्ट नवा आला, पत्ता बदलला, नोकरी सुटली, दुरावा आला, हे सगळं वेबफॉर्मने कळवायचं असतं. बाळाचं तर जन्मदाखला हातात आला की लगेच. स्पॉन्सर कॅनडाचा नागरिक असेल तर बाळ जन्मतःच नागरिक असू शकतं. मग त्याला पीआरचा नव्हे, नागरिकत्वाच्या दाखल्याचा अर्ज करावा लागतो, तरी फॉर्मवर त्याचं नाव येतंच.

एजंट बदलायचा असेल तर आयएमएम ५४७६ वर जुन्याचं नाव रद्द करा. नाहीतर महत्त्वाची पत्रं त्याच्याच ईमेलवर जात राहतील. अर्ज भरून देणाऱ्याने स्वतःचं नाव त्या फॉर्मवर घालायला नकार दिला असेल, तर तो परवानाधारक नाही असंच समजा आणि त्याने नेमकं काय भरलं ते ओळ न ओळ तपासा.

त्यांनीच विचारलं तर

'प्रोसीजरल फेअरनेस' म्हणून पत्र आलं, तर त्याचा अर्थ अधिकाऱ्याला नकार द्यावासा वाटतोय आणि तुम्हाला म्हणणं मांडायची संधी आहे. पत्रात मुदत दिलेली असते. मुदत पुरणार नसेल तर ती संपण्याआधी लेखी वाढ मागा. उत्तर पत्रातल्या प्रत्येक मुद्द्याला, त्याच क्रमाने, पुराव्यासकट. अधिकाऱ्याने काय पाहिलं ते नीट कळत नसेल तर माहितीच्या अधिकारातून फाईलवरच्या नोंदी मागवता येतात. कॅनडात असलेल्या व्यक्तीमार्फत मागितल्या तर फी ५ डॉलर आहे. अर्जदाराचं संमतिपत्र लागतं. पण नोंदी यायला महिना किंवा जास्त लागतो, म्हणून त्यांची वाट पाहत मुदत घालवू नका.

नकार आलाच, तर कौटुंबिक वर्गात स्पॉन्सरला ३० दिवसांत इमिग्रेशन अपील विभागाकडे जाता येतं. खोटी माहिती दिल्याच्या कारणावरून इतरांचं अपील बंद होतं, पण नवरा, बायको आणि मुलांसाठी ते खुलं ठेवलेलं आहे. कॅनडातल्या वर्गात फेडरल कोर्ट हाच मार्ग, आणि कॅनडात घेतलेल्या निर्णयासाठी मुदत फक्त १५ दिवसांची.

मंजुरीनंतर

पीआरच्या पुष्टीचा कागद, म्हणजे सीओपीआर, हातात आला की आनंदाच्या भरात कुणी तो वाचत नाही. नाव, जन्मतारीख, जन्मदेश, लिंग, वैवाहिक स्थिती, पासपोर्ट क्रमांक हे सगळं पासपोर्टशी अक्षर न अक्षर ताडून पाहा. विमानतळावर लँडिंग असेल तर सही करण्याआधी अधिकाऱ्याला चूक दाखवा. पोर्टलमधून पुष्टी करायची असेल तर पुष्टी देण्याआधी आलेल्या ईमेललाच उत्तर द्या. मंजुरी आणि लँडिंग यांच्या मधल्या काळात बाळ झालं किंवा वैवाहिक स्थिती बदलली, तर प्रवास थांबवून आधी कळवा. वरचा ११७(९)(घ) नेमका याच फटीत लोकांना पकडतो.

लँडिंगनंतर सापडलेल्या चुकीसाठी आयएमएम १४३६ हा दुरुस्तीचा फॉर्म आहे, मार्गदर्शक ५२१८ सोबत वाचायचा. त्यांच्याकडून झालेली टंकलेखनाची चूक पुराव्यावर दुरुस्त होते. लग्नानंतर घेतलेलं नवं आडनाव मात्र त्या कागदावर मागे जाऊन घातलं जात नाही, कारण लँडिंगच्या दिवशी ते तुमच्या पासपोर्टवर नव्हतं; ते पीआर कार्डाच्या अर्जात, नाव बदलल्याच्या कागदांसकट मागायचं.